प्लास्टरनंतर सुकलेली पोटरी: टेप बाजूला ठेवा, टाच उचलून बघा

तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वडील 58 वर्षांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. गाडी घसरून डाव्या घोट्याचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, सहा आठवडे प्लास्टर झालं. ते काढून आता दोन महिने होत आलेत आणि हाड जुळलंय, पूर्ण वजन टाका, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. पण डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरनं कमी भरते. तेलाचं मालिश, सायकल, मशीनचे शेक, सगळं करून आकडा जागचा हलत नाही. दहा वर्षांपासून साखर आहे. पोटरी पुन्हा भरेल का, एखादी पावडर किंवा इंजेक्शन आहे का, कामावर कधी पाठवावं, आणि संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांमागून (मिरवणुकीतल्या उंच, मानाच्या काठ्यांमागून) चालायची त्यांची इच्छा पुरी होईल का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते, वीसेक वर्षं होत आली. मागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, गाडीवरून पडलेली पोरं, अशांचे घोटे आणि पोटऱ्या माझ्याकडे सतत असतात. त्या अनुभवावरून सांगायचं तर पोटरी बरीचशी भरेल, पण दोन्ही पाय अगदी सारखे होतीलच असं सांगता येत नाही. आणि ती भरेल ती वजन उचलल्यानं. आजवर जे करताय त्यात नेमकं तेवढंच राहून गेलंय. पण तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. ही पोटरी कशामुळे बारीक झाली आहे? आणि ती आज काय काम करू शकते? टेप यातल्या एकाचंही उत्तर देत नाही.

त्याआधी दोन तातडीच्या गोष्टी. पोटरी बारीक होण्याऐवजी एकाएकी सुजली, गरम आणि घट्ट लागली, दाबल्यावर दुखली, तर मालिश ताबडतोब थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्लास्टरनंतर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर दवाखान्याची वेळ बघत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. दुसरी गोष्ट साखर असलेल्यांची. पाऊल किंवा घोटा लाल, गरम, सुजलेला आहे पण त्या मानानं दुखत मात्र नाही, असं दिसलं तर व्यायाम, चालणं सगळं बंद. संवेदना गेलेल्या पायात आतली हाडं ढासळू लागतात तेव्हा पाय असाच दिसतो. तिथे वजन टाकणं म्हणजे पाऊल कायमचं वाकडं करून घेणं. यातलं काहीच नसेल, तरच पुढचं वाचून कामाला लागा.

पोटरीच एवढी का सुकते?

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा, गोळा दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस, गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस गुडघ्याच्या खालूनच निघतो. दोघं मिळून टाचेमागच्या जाड शिरेत, म्हणजे ॲकिलीस टेंडनमध्ये उतरतात. हा गुडघ्याचा फरक लक्षात ठेवा, व्यायामात लागणार आहे.

सोलियस हा उभं राहण्याचा स्नायू आहे. माणूस नुसता उभा असला तरी अंग पुढे कलंडू नये म्हणून तो थोडा थोडा ओढत असतो. त्याच्यात न थकता काम करणाऱ्या मंद तंतूंचं प्रमाण फार मोठं आहे. ज्या स्नायूला जन्मभर सुट्टी नव्हती, त्याला सहा आठवडे एकदम रिकामं बसवलं की त्याचं सगळ्यात जास्त बिघडतं. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात नडगीच्या पुढचा स्नायू फारसा घटत नाही, पोटरी मात्र लवकर उतरते. अंतराळ स्थानकात सहा महिने राहिलेल्या अंतराळवीरांच्या पोटऱ्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजल्या होत्या. तिथे व्यायामाची साधनं होती, ती मंडळी व्यायाम करतही होती. तरी पोटरीचं आकारमान सरासरी 13 टक्क्यांनी आणि झटक्यात जोर लावण्याची क्षमता 32 टक्क्यांनी घटली होती.

त्या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. आकार घटतो त्यापेक्षा ताकद कितीतरी जास्त घटते. निरोगी तरुणांचा पाय पाच दिवस प्लास्टरमध्ये ठेवून मांडीचा स्नायू मोजला, तेव्हा तो साधारण साडेतीन टक्के बारीक झाला होता, ताकद मात्र नऊ टक्क्यांनी उतरली होती. याचं एक कारण म्हणजे मेंदूकडून येणारा हुकूमच कमजोर होतो. मागाची मोटर ठीक असावी पण व्होल्टेज कमी यावं, तसं होतं. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढते पण टेप हलत नाही, त्याचं कारणही हेच. आधी हुकूम सुधारतो, मग मांस भरतं. तुमच्यासारखे घरचे लोक नेमके याच टप्प्यावर निराश होतात आणि पावडरच्या दुकानात जातात.

तिसरी गोष्ट लांबीची. घोटा मोडल्यावर पाऊल काटकोनात ठेवून प्लास्टर घालायचा प्रयत्न असतो, पण दुखण्यामुळे किंवा मोडण्याच्या प्रकारामुळे कधी बोटं खाली झुकलेली राहतात. ॲकिलीस तुटलेल्यांचा पाय तर सुरुवातीला मुद्दामच तसा ठेवतात. या स्थितीत पोटरी आखडलेली राहते आणि नुसती आखडत नाही, खरोखर तोकडी होते. 1972 साली मांजरांवर केलेल्या प्रयोगात सोलियस असा आखडून चार आठवडे ठेवला, तर तंतूच्या लांबीत एकापुढे एक जोडलेल्या बारीक घटकांपैकी सुमारे 40 टक्के नाहीसे झाले. प्लास्टर काढल्यावर काही आठवड्यांत ते परत आले, कारण मांजर चालायला लागलं. वडिलांना उकिडवं बसताना डावी टाच उचलून धरावी लागते, असं तुम्ही लिहिलंय. ते यातून आलं असावं. घोट्याच्या सांध्याचा ताठरपणाही त्यात मिसळलेला असतो आणि दोन्हींचं प्रमाण पाय हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

दिलासा एवढाच की नुसत्या विश्रांतीमुळे सुकलेल्या स्नायूत तंतू मरत नाहीत, बारीक होतात. नस शाबूत असेल, रक्त पोचत असेल, तर ते पुन्हा जाड होऊ शकतात. घटायला आठवडे लागले तर भरायला महिने लागतात. साठीकडे झुकलेल्या माणसाला आणखी थोडा वेळ, आणि साखर आटोक्यात नसेल तर त्याहून जास्त.

पण खरंच नुसत्या प्लास्टरमुळेच का?

इथे मी थोडी रेंगाळते, कारण चुका इथेच होतात. प्लास्टर झालं होतं म्हणून सगळ्याचं खापर प्लास्टरवर फोडलं जातं आणि दुसरं काही असलं तर ते झाकलं जातं.

घरी करता येण्यासारख्या तीन गोष्टी सांगते. पहिली, एका पायावर टाच उचलणं. ओट्याला किंवा भिंतीला बोटांचा नुसता आधार, गुडघा सरळ, आधी चांगल्या पायानं आणि मग डाव्या पायानं चवड्यावर उभं राहायचं. टाच किती वर जाते आणि त्या पूर्ण उंचीपर्यंत किती वेळा जाते, ते लिहून ठेवा. तरुण निरोगी माणसाकडून पंचवीस वेळा होणं ही जुनी मोजपट्टी. 58 व्या वर्षी मी त्या आकड्याचा हट्ट धरत नाही, उजव्या पायाशी तुलना करते. दुसरी, भिंतीकडे तोंड करून पाऊल थोडं मागे ठेवायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती अंतरावर राहतो ते दोन्ही पायांचं मोजा. हा घोटा किती वाकतो त्याचा हिशेब.

तिसरी साखरवाल्यांसाठी. वडिलांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला तुमच्या बोटाचं टोक एक-दोन सेकंद अगदी हलकं टेकवा. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या.

आता अर्थ कसा लावायचा? टाच अर्धवट उचलली जाते, चार-पाच वेळा होते, मग थरथरते, तर हे बहुधा न वापरल्याचं दुबळेपण आहे. पण दोन महिने चालूनही एका पायावर टाच तसूभरही उचलत नसेल, तर मी थांबते. पडताना ॲकिलीसही तुटला होता आणि मोडक्या घोट्याच्या गडबडीत तो राहून गेला, असं होऊ शकतं. पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल हललं पाहिजे. नाही हललं, तर टेंडनची सोनोग्राफी. टेंडन ठीक असेल तर कंबर बघायची. मणक्यातून निघणारी एस वन ही नस दबली की पोटरी बारीक होते, चवड्यावर उभं राहता येत नाही, करंगळीच्या बाजूनं बधिरपणा असतो आणि हातोडीनं टाचेमागे ठोकलं तर पाय उडत नाही. मागावर वर्षानुवर्षं वाकून काम केलेल्यांत कंबरदुखी इतकी रोजची असते की कुणी ती सांगतही नाही. विचारावी लागते.

साखरेनं होणारी नसांची झीज वेगळी दिसते. ती दोन्ही पायांत, बोटांपासून वर चढत जाते. आधी पावलातले बारीक स्नायू जातात, बोटं वाकडी होतात, पोटरीची पाळी नंतर येते. तुमच्या वडिलांची एकच पोटरी बारीक आहे, म्हणून साखर हे मूळ कारण वाटत नाही. पण ती भरून येण्याची चाल मंद करेल, हे नक्की.

तंबाखू किंवा विडी असेल तर रक्तवाहिन्यांचाही विचार करायचा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी गच्च होते, उभं राहून दोन-चार मिनिटं थांबलं की सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा धरते, ही रक्त कमी पोचल्याची खूण. मणक्यातली जागा कमी झाल्यानंही चालताना पाय धरतात, पण तिथे नुसतं थांबून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. रक्तवाहिनीचा दोष असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ते 0.90 पेक्षा कमी आलं तर वाहिन्या अरुंद झाल्या असं धरतात. (जुनी साखर असली की वाहिन्या कडक होऊन हा आकडा फसवाही येतो, म्हणून डॉक्टर इतर तपासण्याही सांगतील.) गंमत अशी की त्यावरही पहिला उपाय चालणंच आहे. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं आठवड्यातून तीनदा, किमान तीन महिने. आणि विडी सोडायची, तिथे मी तडजोड करत नाही.

घेराचा नाद का सोडायचा, हे सांगायला दोन टोकांची उदाहरणं पुरेत. जन्मतः वाकडं पाऊल असलेल्या बाळांचे पाय पोन्सेटी पद्धतीनं, दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करतात. पाऊल छान होतं, मूल पळतं, झाडावर चढतं, पण त्या बाजूची पोटरी आयुष्यभर थोडी बारीकच राहते. तो दोष प्लास्टरचा नाही, त्या व्यंगाचाच भाग आहे. अशा आईबापांना मी सांगते, टेप कपाटात ठेवा. उलट चार-पाच वर्षांचा मुलगा, पोटऱ्या टणक आणि पैलवानासारख्या भरलेल्या, पण जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो, जिना चढताना थकतो. घरचे कौतुक करत असतात आणि त्या पोटरीत स्नायूची जागा चरबी आणि व्रणासारख्या निबर जाळीनं घेतलेली असते. तो डुशेन नावाचा आनुवंशिक आजार. अशा मुलाला ताकदीचे व्यायाम रेटून करवायचे नसतात, मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं असतं. एक पोटरी बारीक आणि समर्थ, दुसरी जाड आणि दुबळी.

जुन्या पोलिओचं तर आणखी वेगळं. आपल्याकडे पन्नाशी-साठीची अशी माणसं भरपूर आहेत. त्यांच्या पायात काही नसपेशी कायमच्या गेलेल्या असतात आणि उरलेल्या जास्तीचं ओझं वाहत असतात. त्यांना थकेपर्यंत व्यायाम देणं नुकसानीचं ठरतं. म्हणून शेजाऱ्याला जो व्यायाम लागू पडला तो आपल्याला पडेलच असं नाही.

आता उपचार

वरच्या तपासणीत वडिलांचं दुबळेपण साधं, न वापरल्याचं ठरलं असं धरून सांगते.

मालिश करू नका असं म्हणत नाही. त्यानं बरं वाटतं, प्लास्टरखालची कोरडी कातडी मऊ होते, घरच्यांनाही काही केल्याचं समाधान मिळतं. पण तेलानं स्नायू वाढत नाही. गरम शेक मात्र संवेदना कमी असलेल्या पायाला देऊ नका. गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलेली साखरवाल्यांची पावलं मी दरवर्षी बघते. मशीनचं म्हणाल तर दुखणं कमी करणारा करंट आणि स्नायू आवळणारा करंट वेगळे. तुम्ही लिहिलेल्या मुंग्या येणाऱ्या शेकानं दुखणं कमी झालं असेल, पोटरी आवळली नसणार. स्नायू आवळणाऱ्या मशीनचा उपयोग होतो, पण पाय अजून प्लास्टरमध्ये किंवा माणूस अंथरुणात असताना. जो माणूस स्वतः उभा राहून टाच उचलू शकतो, त्यानं मशीनवर पैसे का घालवावेत?

सायकल आणि चालणं चालू राहू द्या, घोटा मोकळा राहतो आणि साखरेला चांगलं. पण सायकलीत मांडी जास्त काम करते आणि लंगडणारा माणूस चालताना डाव्या पायानं मागे रेटतच नाही, पाऊल नुसतं उचलून पुढे ठेवतो. रोज पाच किलोमीटर असं चाललं तरी पोटरी रिकामीच राहते. स्नायूला वाढायचं कारण द्यावं लागतं आणि ते कारण म्हणजे सवयीपेक्षा जास्त वजन.

मी असं करते. सुरुवात खुर्चीवर बसून. गुडघा वाकलेला असला की वरचा स्नायू सैल पडतो आणि सोलियसला एकट्याला काम करावं लागतं. डाव्या गुडघ्यावर दहा किलोची ज्वारीची पिशवी ठेवायची आणि टाच सावकाश वर, क्षणभर थांबून त्याहून सावकाश खाली. दहा-बारा वेळा झाल्यावर शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. हसत गप्पा मारत वीस झाले तर पिशवी हलकी आहे, पाच किलो वाढवा. असे तीन फेरे, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून. रोज दोनशे हलक्या टाचा उचलण्यापेक्षा हे जास्त कामाचं, पण लोकांना पटत नाही. त्यांना रोज घाम गाळल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाहीत.

त्यासोबत ओट्याला धरून उभ्यानं. आधी दोन्ही पायांनी वर आणि खाली. ते सोपं झालं की दोन्ही पायांनी वर जायचं आणि डाव्या एकट्यावर खाली यायचं, तीन सेकंद मोजत. खाली येताना स्नायू वर जाण्यापेक्षा जास्त वजन पेलू शकतो, म्हणून एका पायावर वर जाता येत नसलं तरी हे जमतं. मग एका पायानं वर आणि खाली. त्यानंतर पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच पायरीखाली उतरवायची, म्हणजे आखडलेल्या पोटरीची लांबीही परत मिळते. शेवटी पाठीवर पिशवी घेऊन. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं? मी आठवडे मोजत नाही. तीन फेरे पूर्ण उंचीनं, न झटकता झाले की पुढे. कुणाला पंधरा दिवस लागतात, कुणाला महिना-दीड महिना.

टाचेची उंची हा माझा खरा टेप आहे. भिंतीवर खडूनं रेघ मारा, चवड्यावर उभं राहिल्यावर डोकं कुठवर पोचतं त्याची, डाव्या-उजव्या पायाची वेगळी. पेशंट दमला की आकडा पुरा करायला उंची कमी करत जातो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. ॲकिलीसच्या ऑपरेशननंतर तर ही उंची कित्येकदा कायमची थोडी कमी राहते, कारण टेंडन लांब होऊन जुळलेला असतो आणि कितीही व्यायाम केला तरी तो ढिलेपणा स्नायू भरून काढू शकत नाही. तुमच्या वडिलांचं टेंडन ठीक असेल तर ही अडचण यायला नको.

ताणाचे दोन प्रकार रोज करा. भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ ठेवून, आणि तोच गुडघा वाकवून. टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा ते एक मिनिट धरून, दोन-तीनदा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं पाहिजे. शमलं नाही तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका. संवेदना कमी निघाली असेल तर मात्र दुखण्यावर विसंबू नका. रोज रात्री तळपाय बघा, बूट-मोज्याशिवाय व्यायाम नको.

एका पायावर दहा-बारा टाचा नीट जमू लागल्या की थोडा वेग घाला. वय वाढतं तसे स्नायूतले वेगवान तंतू जास्त झिजतात. पाय घसरला तर झटकन सावरायला तेच लागतात. म्हणून झपकन वर, सावकाश खाली. उड्या इतक्यात नकोत.

पावडरबद्दल. या वयात आणि दुखापतीतून उठताना किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं रोज मिळावीत असं मी धरते. वडिलांचं वजन 62 किलो लिहिलंय, म्हणजे 62 ते 75 ग्रॅम. आपल्याकडचं जेवण बघा: दोन-तीन भाकऱ्या, पातळ आमटी, शेंगा चटणी. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, पण चटणी खाऊन खाऊन किती खाणार? आमटी घट्ट करा, दोन वेळा दही किंवा दूध, खात असतील तर दोन अंडी (एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम), मोड आलेली कडधान्यं. सगळं रात्रीच्या एका जेवणात नको, तीन वेळांत वाटून. एवढं जमलं तर पावडरच्या डब्याची गरज पडत नाही. साखर दहा वर्षांची आहे, तेव्हा प्रथिनं वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. मूत्रपिंडाला त्रास असेल तर हा हिशेब त्यांच्या डॉक्टरांनीच करायचा. आणि पोटरी भरण्याचं कुठलंही इंजेक्शन नाही. कोणी जिममधल्या ओळखीनं देऊ केलं तर ते बहुधा स्नायू फुगवणारं हार्मोन असतं, सरळ नको म्हणा.

औषधांचं एक. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींच्या पोटऱ्या दुखतात. शंका आली तर डॉक्टरांशी बोला, मनानं बंद करू नका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटाच्या अँटिबायोटिकनं ॲकिलीसला इजा होऊ शकते, साठीपुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असताना जास्तच. सध्या पायावर वजन वाढवत असताना कुणी ही गोळी लिहून दिली, तर टेंडनचं चाललंय एवढं त्यांच्या कानावर घाला. दुसरा पर्याय बऱ्याचदा असतो.

काम आणि यात्रा

मागावर दहा-बारा तास उभं राहण्यानं पोटरी दणकट होते, असा आपल्याकडे समज आहे, पण तसं होत नाही. पोटरी आवळते तेव्हा पायातलं रक्त वर ढकललं जातं. एका जागी उभं राहिलं तर ते ढकलणं जवळपास थांबतं आणि संध्याकाळी घोटा सुजतो. प्लास्टरनंतर काही महिने ही सूज येतच राहते. म्हणून पहिले पंधरा दिवस अर्धी पाळी मिळते का ते मालकांना विचारा. दर तासाला पाच मिनिटं बसायला आणि दहा-पंधरा टाचा उचलायला मिळाव्यात. मी कामावर जायला हरकत नाही असं म्हणते ते साधारण या खुणांवर: न लंगडता अर्धा तास चालता येतं, डाव्या पायावर निदान आठ-दहा टाचा पूर्ण उंचीनं होतात, आणि सकाळी उठल्यावर सूज उतरलेली असते. पगार बुडतोय हे मला कळतं. घरात दुसरं मिळवणारं कोणी नसेल आणि त्याआधीच जावं लागलं, तर निदान बसून करण्यासारखं काम, घड्या-पॅकिंगचं, मिळतंय का बघा.

नंदीध्वजांची मिरवणूक लांब असते. 68 शिवलिंगांची प्रदक्षिणा पूर्ण दिवसाची, गर्दीत थांबत थांबत चालायची. संक्रांतीला अजून साडेतीन महिने आहेत, तेवढ्यात चालण्यापुरता पाय तयार होणं मला अशक्य वाटत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सलग तासभर, रस्त्यावर, चढउतारावर चालून बघा. दुसऱ्या दिवशी पाय कसा आहे त्यावर ठरवा. पूर्ण प्रदक्षिणा झेपणार नसेल तर थोडा टप्पा ठरवा, शेवटचा सिद्धेश्वर मंदिराकडचा. भाविक अनवाणी चालतात, पण संवेदना कमी निघाली असेल तर वडिलांना अनवाणी नेऊ नका. तळपायात खिळा घुसला तरी त्यांना कळायचं नाही.

इथेच पुन्हा लिहाल तेव्हा एवढं कळवा: दोन्ही पायांच्या टाचांची मोजणी, भिंत आणि अंगठ्यातलं अंतर, बोटांच्या स्पर्शाचा निकाल, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि कंबर दुखते का. पोटरीचा घेर लिहिला नाही तरी चालेल. मोजायचाच असेल तर महिन्यातून एकदा, सकाळी, बसून, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली, दोन्ही पायांना त्याच जागी मोजा.